खणायचं नाही, बांधायचं : नव्ह-शापेलमधले पाच दिवस

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार

उत्तर फ्रान्समधल्या लीलहून बेथ्यूनकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत मामा खिडकीशी बसले होते आणि अर्धा तास एक शब्द बोलले नव्हते. बाहेर काळपट, नुकती नांगरलेली शेतं होती, मधूनच विटांची बैठी घरं, आणि जवळपास प्रत्येक शेताच्या कडेने पाण्याने काठोकाठ भरलेला चर. शेवटी ते म्हणाले, "पोरी, सगळं सपाट हाय की गं. आडोसाच नाही कुठं."

मामा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या खडकीच्या अभियंता दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या खडकीच्या घरी गेल्या, आणि त्या घरात एक नाव पुन्हा पुन्हा कानावर पडायचं : न्यू चॅपल. 'न्यू चॅपलला आपले सॅपर बंदूक घेऊन घराघरात घुसले होते', एवढंच मामा सांगायचे. पुढे मी पुण्यात दोन वर्षं फ्रेंच शिकले तेव्हा कळलं की गावाचा खरा उच्चार नव्ह-शापेल असा आहे. नव्ह म्हणजे नवी, शापेल म्हणजे प्रार्थनेचं छोटं देऊळ. त्यांचा 'नव्ह' आणि आपला 'नव' एकाच मुळातून आलेले. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नव्या देवळाचं गाव. मग जायलाच पायजे."

तारीख त्यांनीच ठरवली. पहिल्या महायुद्धात, २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या, विसावी आणि एकविसावी, या गावात शिरल्या होत्या. त्याच तारखेला आपले पाय तिथे लागावेत, असा त्यांचा आग्रह होता.

ला बासे-व्हिओलेन या स्टेशनवर आम्ही उतरलो. ज्यांच्या शेतावरच्या घरात आम्ही पाच दिवस राहणार होतो त्या मादाम गाडी घेऊन आल्या होत्या. साठीच्या, उंच, चिखलाचे गमबूट घातलेल्या. रस्ता सरळ उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना शुगरबीटचे ढीग लागले होते, पुरुषभर उंच आणि पन्नास-साठ पावलं लांब. आपल्याकडे उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला जी गडबड असते तशीच इथे बीटची. ट्रॅक्टरच्या चाकांनी सगळी माती रस्त्यावर आणून टाकलेली आणि 'रस्ता निसरडा आहे' असे फलक कडेला उभे.

दुपारी सामान ठेवून आम्ही लगेच गावात गेलो. हजार-दीड हजार वस्तीचं गाव. एक चर्च, शाळा, नगरपालिकेची छोटी इमारत, लाल विटांची घरं. आर्त्वा प्रांताच्या कडेचं हे गाव, पलीकडे फ्लँडर्स सुरू होतं. आर्त्वाचा बराचसा भाग स्पेनकडून फ्रान्सकडे आला तो ७ नोव्हेंबर १६५९ च्या तहाने. त्याच महिन्यात प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. हे मी मामांना सांगितलं तर ते रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, "त्याच महिन्यात?" मग बराच वेळ त्यांच्या डोक्यात तेच चाललं होतं.

पण १६५९ चं इथे आज काहीच दिसत नाही. १९१४ चंही नाही. एकही भिंत शंभर वर्षांपेक्षा जुनी वाटत नाही, कारण महायुद्ध संपलं तेव्हा गाव म्हणून इथे विटांचा चुरा उरला होता. आज दिसतं ते सगळं त्यानंतर नव्याने बांधलेलं. नवं देऊळ हे नाव गावाने पुन्हा एकदा खरं केलं, असंच म्हणायला हवं.

आम्ही गावाच्या पश्चिमेला जाऊन उभे राहिलो आणि मामांनी मला ती लढाई जागेवर समजावून सांगितली. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली. अंगावर सुती खाकी कपडे. तिथून रेल्वेने वर उत्तरेला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी थेट या चिखलात. २६ आणि २७ तारखेला जर्मनांनी गाव घेतलं होतं. २७ ला त्यांनी नाकाडोळ्यांना झोंबणारी, शिंका आणणारी पूड भरलेले सुमारे ३,००० गोळे या गावावर टाकले. युद्धात रासायनिक तोफगोळ्यांचा हा अगदी पहिला प्रयोग, आणि समोरच्यांच्या तो लक्षातही आला नाही.

२८ ला गाव परत घ्यायचं ठरलं तेव्हा हाताशी पायदळ पुरेसं नव्हतं. म्हणून ४७ वी शीख पलटण आणि तिच्या जोडीला खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या पुढे काढल्या. सहा-सातशे यार्ड उघडं शेत धावत पार करायचं होतं. ते त्यांनी केलं. मग गल्लीतून, घरातून, खोलीतून संगिनींची लढाई करत गावाच्या मधल्या चौकापर्यंत पोचले. तिथे मशीनगनच्या तोंडी सापडले, मागून कुमक आली नाही, आणि जे उरले त्यांना त्याच उघड्या शेतातून मागे यावं लागलं. ४७ व्या शीखचे २८९ जण गेले होते, ६८ परतले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. कंपन्या मागे आणल्या त्या आपल्या देशी सरदारांनी.

"सॅपर तयार व्हायला वर्षं लागतात," मामा म्हणाले. "पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, पाणी काढणारा माणूस. त्याला असा वापरायचा नसतो. पण हुकूम आला, गेले." त्या वेळच्या सॅपर्समध्ये मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. मामांनी त्या ओल्या शेताकडे तोंड करून सलाम केला. मीही हात जोडले.

रात्री कोजागिरी होती. मादामच्या स्वयंपाकघरात आम्ही दूध आटवलं. केशर आणि वेलची मामांनी पुण्याहून आणली होती. त्या रात्री चंद्रग्रहणही होतं, त्यामुळे मामी फोनवरून ओरडत होती की वेधात दूध पिऊ नका. आम्ही ग्रहण लागायच्या आत प्यालो. चंद्र ढगातून दहा मिनिटं दिसला असेल. मादामनी विचारलं की या सणात काय करायचं असतं. मी सांगितलं, जागायचं. 'कोण जागं आहे' असं विचारत लक्ष्मी फिरते. त्यांनी मामांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, यांना आज तसंही झोप येणार नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

रात्रीत इथली घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे सकाळ लवकर उजाडल्यासारखी वाटली. मामा आधीच दाढी करून, ब्लेझर घालून, पदकं लावून तयार होते. पदकं आणली आहेत हे मला माहीतच नव्हतं.

स्मारक गावाच्या नैऋत्येला, ला बाँब नावाच्या चौकात आहे. ब्रिटिश सैनिक या चौकाला पोर्ट आर्थर म्हणायचे. ट्रक जात असतात, बाजूला बीटचं शेत, आणि मध्येच हे उभं : पांढऱ्या दगडाचं एक वर्तुळ, त्याला कोरीव जाळी, कडेला घुमटीच्या छत्र्या, आणि एका बाजूला जवळपास १५ मीटर उंचीचा स्तंभ. हा स्तंभ अशोकाच्या स्तंभांवरून घेतला आहे. वर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि 'स्टार ऑफ इंडिया'. दोन्ही अंगांना दगडी वाघ. खाली 'देव एक आहे, विजय त्याचाच' या अर्थाचं वाक्य इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलं आहे.

हर्बर्ट बेकर या वास्तुरचनाकाराने हे बांधलं. नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या इमारती आणि संसदेची जुनी गोल इमारत ज्यांच्या हातची, त्यांतले हे एक. ते कळल्यावर त्या वर्तुळाची ओळख पटली. दगडी शिल्पं चार्ल्स व्हीलर यांची. ७ ऑक्टोबर १९२७ ला ब्रिटनचे भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांनी उद्घाटन केलं, फ्रान्सचे मार्शल फॉश आणि कपूरथळ्याचे महाराज हजर होते. अलीकडे एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी इथे येऊन गेले.

ही सगळी माहिती मला होती. तरी आत शिरल्यावर जे झालं त्याची तयारी नव्हती. आत गवत आहे, अगदी नीट कापलेलं, आणि भोवती भिंत. भिंतीवर नावं. ज्यांची समाधी नाही, जे या चिखलात कुठे गेले ते कुणाला सापडलं नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची. पलटणीवार लावलेली : गढवाल, गुरखा, जाट, डोगरा, बलुची, पूना हॉर्स. मामा कुठेही न थांबता सरळ 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' या अक्षरांपाशी गेले. खडकीच्या सॅपर्सचं त्या काळचं हे नाव.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, एकेक नाव, हजेरी घेतात तशी. नावं इंग्रजी लिपीत, कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. पण मराठी वळणाचं नाव आलं की मामा ते आपल्या उच्चारात म्हणायचे आणि दगडातलं वेडंवाकडं नाव एकदम माणसाचं व्हायचं. माझं स्वतःचं नातेवाईक कोणी या भिंतीवर नाही, मामांचंही नाही. पण नाव वाचून झाल्यावर ते क्षणभर थांबायचे, समोरून 'हाजिर' येईल म्हणून थांबावं तसे, आणि मला ते सहन होईना. मी बाहेरच्या अंगाला जाऊन जाळीतून शेताकडे बघत राहिले.

परत आले तेव्हा मामा एका ब्राँझच्या पाटीपुढे होते. ही पाटी १९६४ ला बसवली. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत मेलेल्या २१० जणांची नावं तिच्यावर आहेत. त्यांची दफनभूमी बर्लिनच्या दक्षिणेला झेरेन्सडॉर्फ इथे होती. तो भाग पूर्व जर्मनीत गेल्यावर तिथे देखभाल करणं अशक्य झालं, म्हणून नावं इथे आणली. पकडलेले, दूर नेलेले, तिथेच गेलेले. निदान नावाने तरी आपल्या लोकांत परतले.

आणखी एक नाव मी शोधून काढलं : गोबर सिंग नेगी, गढवाल रायफल्स. १० मार्च १९१५ ला याच गावाच्या खंदकांत ते सर्वांत पुढे होते आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मोठा सन्मान, पण देह सापडला नाही, म्हणून नाव इतरांच्याच ओळीत, त्याच मापाच्या अक्षरांत. असंच हवं.

जाताना मामा म्हणाले, "आपल्या खडकीला याच्या उलट हाय." खरं आहे. खडकीच्या वॉर सिमेटरीत एक स्मारक आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचं. त्यांच्या कबरी कुठे कुठे छावण्यांतल्या जुन्या स्मशानांत विखुरलेल्या, सांभाळता न येणाऱ्या. नावं तेवढी मुळेच्या काठी आणलेली. लहानपणी मी तिथल्या हिरवळीवर खेळले आहे, माळ्याचा ओरडा खाल्ला आहे, आणि ती परकी नावं कोणाची हे कधी विचारलं नाही. इथेही एखादं पोर असंच खेळत असेल.

३० ऑक्टोबर, सोमवार

आज फक्त जमीन बघायची असं ठरलं होतं.

मादामच्या मुलाने शेताच्या बांधावर मामांना फावडं दिलं. मामांनी बाही वर केली आणि खणायला लागले. वरची वीतभर माती काळसर, मऊ. खाली पिवळट चिकणमाती, फावड्याला चिकटून निघायलाच तयार नाही. हातभर खोल गेल्यावर खड्ड्याच्या बाजूंनी पाणी झिरपायला लागलं. आधी घाम आल्यासारखं, मग तळाशी साचलं, आणि पाच मिनिटांत टाच बुडेल एवढं झालं. मामा फावड्यावर हात ठेवून बघत राहिले. "इथं खणायचं नाही," ते म्हणाले, "बांधायचं."

नव्ह-शापेलचं सगळं भूगोल-इतिहासाचं पुस्तक त्या खड्ड्यात होतं. हा लीस नदीचा सखल पट्टा. समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर. चिकणमातीतून पाणी खाली जात नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चर काढून ते ओढ्यांकडे आणि ओढ्यांतून लीसकडे नेलं. दगड नाही, म्हणून घरं त्याच मातीच्या विटांची. तोफांच्या माऱ्याने चर फुटले, ओढे बुजले, आणि शेतकऱ्यांनी शतकानुशतकं बाहेर ठेवलेलं पाणी परत आत आलं. खंदक म्हणजे इथे नुसता पाण्याचा पाट. त्यामुळे या भागात जमिनीच्या वर मातीच्या, गोण्यांच्या, कुडाच्या भिंती रचून त्यामागे फौजा राहिल्या. ते काम सॅपर्सचं आणि पायोनियरांचं, म्हणजे बांधकामाची कामंही करणाऱ्या पायदळाचं. १९१४ च्या हिवाळ्यात गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून पाय सडलेल्यांची गणती नाही.

दुपारी आम्ही पूर्वेला चालत निघालो. आधी 'ले' नावाचा ओढा लागला. आपल्याकडे याला ओहोळ म्हणतील; सडपातळ माणूस उडी मारून पलीकडे जाईल. उजवीकडे ब्वा द्यु बिए हे रान. आणि समोर ओबेरचा उंचवटा.

तो उंचवटा मला आधी दिसलाच नाही. सिंहगड-तोरणा बघत वाढलेल्या डोळ्यांना पंधरा-वीस मीटरचा चढ दिसत नाही. मादामचा मुलगा हात करून दाखवत होता आणि मी झाडं बघत होते. तासाभराने ओबेर गावाशी पोचून मागे वळलो तेव्हा कळलं. आम्ही आलो ती सगळी वाट, नव्ह-शापेलचं चर्च, स्मारकाचा पांढरा खांब, चरातलं पाणी, प्रत्येक झाड, सगळं तळहातावर ठेवल्यासारखं. इथे दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला खालच्या सपाटीवरचा प्रत्येक माणूस दिसत होता. आणि वरची जमीन कोरडी. "एवढ्यासाठी," मामा हळूच म्हणाले.

एवढ्यासाठीच १० मार्च १९१५ ची लढाई. उंचवटा घ्यायचा आणि पुढे लीलकडे जायचं. ब्रिटिशांनी विमानातून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे केले, तोफांचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लावलं. सकाळी साडेसातला मारा सुरू झाला, ३५ मिनिटं चालला, ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघालं. उजवीकडून मेरठ डिव्हिजनची गढवाल ब्रिगेड, डावीकडून ब्रिटिश. सकाळीच गाव हातात आलं. मग सगळं अडकलं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, निरोप घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, पुढच्यांना हुकूम नाही, मागचे चिखलात रेटारेटी करताहेत. तेवढ्या तासांत जर्मनांनी ओढ्यापलीकडे नवे मोर्चे बांधले. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा गाव मिळालं होतं, आणि गाव धरून जेमतेम किलोमीटरभर जमीन. उंचवटा नाही. त्या चार दिवसांत ब्रिटिश आणि हिंदी मिळून ११,००० हून अधिक माणसं कामी आली किंवा जखमी झाली, त्यातले ४,००० हून अधिक आपले.

मला वाटतं, ही आकडेवारी घरी बसून वाचण्यात आणि त्या उंचवट्यावर उभं राहून ते किलोमीटरभर अंतर डोळ्यांनी मोजण्यात फार फरक आहे. मी ते पावलांनीही मोजलं. परतताना, बुटांना किलोभर चिखल घेऊन.

एका शेताच्या कोपऱ्यात विजेच्या खांबाशी गंजलेलं काहीतरी ठेवलं होतं, दुधाच्या किटलीएवढं. मुलाने आम्हाला दुरूनच थांबवलं. तोफेचा गोळा होता. नांगरणीच्या वेळी दर वर्षी निघतात. उचलून कडेला ठेवायचे आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या सरकारी पथकाला कळवायचं. त्याच्या आजोबांच्या काळापासून हे चाललंय आणि त्याच्या मुलांच्या काळातही चालेल, असं तो म्हणाला. बीटचा दर सांगावा तशा आवाजात.

रात्री जेवायला शिकों होते. शेतातून मुळं उपटून अंधाऱ्या खोलीत परत फुटायला लावतात, त्यांना येणारे पांढरे, घट्ट, किंचित कडू कोंब. मादामनी आमच्यासाठी मांस न घालता चीज घालून भाजले होते. मामांना कडसर चव कारल्यासारखी वाटली आणि त्यांनी दोनदा घेतले.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर पाऊस. मादामच्या गाडीतून ला कूत्यूरजवळच्या झेलोब इंडियन सिमेटरीत गेलो. स्मारकावर बेपत्ता लोकांची नावं, इथे ज्यांचे देह मिळाले ते. शेताच्या कडेला छोटीशी जागा, शंभरेक दगड. मुसलमान सैनिकांच्या दगडावर अरबी, शिखांच्या दगडावर गुरुमुखी, आणि हिंदूंच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. फ्रान्सच्या पावसात भिजलेली देवनागरी अक्षरं. मामांनी खाली वाकून रुमालाने ती पुसली, आणि पावसाने लगेच परत भिजवली.

तिथून लाव्हांती. २०१६ मध्ये रिशबूरजवळ खोदकाम करताना दोन सैनिकांचे अवशेष सापडले. खांद्यावरच्या पितळी खुणेवरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे हे कळलं, नावं मात्र कळली नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये, शंभर वर्षं उलटून गेल्यावर, भारतातून आलेल्या गढवाली जवानांच्या उपस्थितीत त्यांना लाव्हांतीच्या सैनिकी दफनभूमीत ठेवलं. ही माती काही विसरत नाही, तिच्या वेळेने परत देते.

मामांना संध्याकाळी ताप भरला. मी त्यांना गोळी देऊन झोपवलं.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज तूसँ, म्हणजे सर्व संतांचा दिवस. आपल्या सर्वपित्रीसारखा. सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं, आणि नेतं काय, तर शेवंती. कुंड्याच्या कुंड्या : पिवळ्या, जांभळ्या, विटकरी. फुलवाल्यांची दुकानं, बाजार, मोटारींच्या डिक्या, सगळीकडे शेवंती. मादामनी मला आधीच बजावलं होतं की कोणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती कधीच न्यायची नाही, हे फक्त मृतांचं फूल आहे. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हेच फूल देवाला वाहतात आणि बायका वेणीत माळतात. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तुमचं बरं आहे.

मामांचा ताप उतरला होता. सकाळी मादामबरोबर गावच्या दफनभूमीत गेलो. त्यांनी आईवडिलांच्या आणि नवऱ्याच्या दगडावर कुंड्या ठेवल्या, पानं झाडली. मग चौकातल्या पोर्तुगीज दफनभूमीत नेलं. आपल्या स्मारकाच्या अगदी जवळ आहे ती, आम्ही चार दिवस तिच्यावरून जात होतो. करड्या दगडांच्या १,८३१ कबरी. १९१८ मध्ये हा भाग पोर्तुगीज फौजेकडे होता. ९ एप्रिलला पहाटेच्या धुक्यात जर्मनांचा मोठा हल्ला त्यांच्यावर कोसळला आणि एका दिवसात त्यांचे हजारो लोक मेले, जखमी झाले किंवा कैद झाले. त्या वेळी गोवाही पोर्तुगालच्याच ताब्यात होता, त्यामुळे दगडांवरची आडनावं आम्हाला परकी वाटेनात. फर्नांडिस, परेरा, गोन्साल्विश. मामा म्हणाले, "म्हापशाच्या बाजारात आल्यागत वाटतंय."

गावातला एक ख्रिस्ताचा क्रूसही त्या युद्धातून वाचला. गाव सपाट झालं तरी तो मोडलेल्या अंगाने उभा राहिला, आणि पोर्तुगीज सैनिकांची त्याच्यावर श्रद्धा बसली. १९५८ मध्ये फ्रान्सने तो पोर्तुगालला दिला. आज तो बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीजवळ आहे. नव्या देवळाच्या गावाने आपला देव तिकडे पाठवला, असं मादाम म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात अभिमान होता.

निघायच्या आधी मामांनी एक पिवळ्या शेवंतीची कुंडी घेतली. स्मारकात नेऊन सॅपर्सच्या नावांखाली ठेवली. उदबत्ती लावायचा प्रयत्न केला, वाऱ्याने विझली. दुसऱ्यांदा विझली. तिसऱ्यांदा मादामनी आपल्या कोटाचा आडोसा धरला तेव्हा पेटली. आम्ही तिघंही ती संपेपर्यंत तिथे उभे राहिलो. मामा सावधान, पायाशी पाणी साचलेलं. मग ते एकच शब्द म्हणाले, सॅपर्सचं ब्रीद : "सर्वत्र."

संध्याकाळी आम्ही लीलला परतलो. रात्री वादळ येणार असल्याची बातमी स्टेशनवर लागली होती आणि ते आलंही. पुढच्या आठवड्यात पा-द-काले जिल्ह्यात मोठा पूर आला, लीसच्या वरच्या भागातली गावं पाण्याखाली गेली, आणि टीव्हीवर ती दृश्यं बघून मी पुण्याहून मादामना फोन केला. त्यांचं घर कोरडं होतं. शेतातलं बीट मात्र अजून काढता आलं नव्हतं, ट्रॅक्टर रुतत होता. मग त्यांनी एक फोटो पाठवला. पांढरी जाळी, पलीकडे आरशासारखं पाण्याने भरलेलं शेत, आणि भिंतीच्या पायथ्याशी कुंडी. वादळाने कलंडली होती, त्यांनी उचलून दोन विटांच्या मध्ये नीट बसवली होती.

मामांना फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून आधी शेवंती बघितली, मग बराच वेळ पाणी.

"विटा बरोब्बर लावल्यात," ते म्हणाले.